भागीरथीबाईंच्या नावाची खानावळ

प्लेग यायच्या आदल्या वर्षी माझ्या धाकट्या जावेने, शेवंतीने, लालबागेत खानावळ काढली. तीही स्वतःच्या नावाने नव्हे, गिरगावच्या भागीरथीबाईंच्या नावाने. मी आधीपासून विरोधात होते. शांता कशाच्याही विरोधातच असते असं आमच्या घरात म्हणतात. म्हणोत बापडे.

झालं असं, की शेवंतीच्या नवऱ्याचा, दगडूभावोजींचा, उजवा हात गिरणीच्या पट्ट्यात सापडला. हात वाचला, पण काम गेलं. शेवंती तेव्हा गिरगावात भागीरथीबाईंच्या खानावळीत वाटण वाटायला जायची. बाई मालवणकडच्या, विधवा, मूलबाळ नाही. छापखान्यातली माणसं, पेढ्यांवरचे कारकून त्यांच्याकडे जेवायला रांग लावत. शेवंतीने एक दिवस धीर केला आणि विचारलं, की तुमच्या नावाने लालबागेत पानं मांडू का?

बाईंनी आठवडाभर उत्तर दिलं नाही. मग अटी सांगितल्या. मसाला गिरगावातून डब्यातून येणार, त्यात काय काय आहे ते विचारायचं नाही. पानातले जिन्नस ठरलेले, दर ठरलेला, रोज मासळीचं कालवण पाहिजेच. महिन्याला बाईंचा वाटा. शेवटची अट मात्र त्यांनी दोनदा सांगितली.

"माझ्या नावाखाली एक दिवस जरी बेचव पान वाढलंस, तर मी येऊन दारावरची माझ्या नावाची पाटी उतरवून नेईन. हे नाव मिळवायला माझा जन्म गेलाय गो."

घरी आल्यावर मी शेवंतीला झापलं. चूल तुझी, घाम तुझा, आणि नाव दुसरीचं?

"आक्का, माझं नाव ऐकून कोण येईल जेवायला? तुम्ही तरी आला असता?"

मी आले नसते. तिच्या हाताला चव होती, पण ती मला ठाऊक, परक्याला कशी असणार? मी पदर खोचला आणि तांदूळ निवडायला बसले. तेव्हापासून त्या खानावळीत मी जे काही केलं ते कुरकुरत केलं, पण केलं.

खानावळ चालली. भागीरथीबाईंचं नाव गिरणगावात पोचलेलं होतं, कारण कुणाचा ना कुणाचा भाऊ गिरगावात जेवत असे. जेवणाऱ्यांत निम्मे एकाच गावचे, एकाच भावकीचे परब. सगळे एका खोलीत राहायचे, एका गिरणीत जायचे आणि एकदमच जेवायला यायचे. त्यांचा म्होरक्या रघुनाना. त्याला भात किती वाढला तरी तो पानाकडे असा बघायचा, की आपल्यालाच ओशाळल्यासारखं व्हावं. भावोजी डाव्या हाताने पाणी भरायला शिकले. वरळीची गुणवंती कोळीण रोज सकाळी बांगड्यांची पाटी आणायची आणि शेवंतीला शिव्या घालत घालत भाव कमी करायची. शेवंतीच्या अंगावर जरा मांस चढलं. मला बरं वाटायचं, पण तसं बोलून दाखवायची मला सवय नाही.

आणि मग भाऊच्या धक्क्यावर आगबोटीतून उतरलेल्या माणसाने निरोप आणला, की गावी परबांचे थोरले आजोबा गेले. साऱ्या भावकीला दहा दिवसांचं सुतक लागलं.

सुतकात घरी कसं जेवतात ते सांगायला नको. फोडणी नाही, हळद नाही, मसाला नाही, मासळी तर नाहीच. पहिल्या दिवशी शेवंतीने दोन भांडी चढवली. परबांना साधा भात आणि नुसती उकडलेली डाळ, बाकीच्यांना नेहमीचं कालवण. कालवणाचा वास घरभर सुटला. परब माना खाली घालून बसले होते. त्यांच्यातला एक पोरगेला गडी दोन घास खाऊन उठला. आजोबांनी त्याला अंगाखांद्यावर खेळवलेलं. तो बाहेर मोरीपाशी उभा राहून रडला आणि हात न धुताच निघून गेला.

शेवंती त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने गुणवंतीला परत पाठवलं आणि सगळ्यांसाठी एकच भांडं चढवलं, बिनफोडणीचं.

"अगो, बाकीच्यांनी काय पाप केलंय?" मी म्हणाले. "आणि बाईंची अट? निदान गिरगावात कळव तरी."

"विचारलं तर नाही म्हणतील, आक्का. नाही म्हणाल्यावर मला करता येणार नाही."

पाटी गेली तर काय होईल ते तिलाही ठाऊक होतं. भावोजींना कुठे काम मिळणार नव्हतं. गावी जमीन नव्हती. ही चूल विझली की बोटीत बसून गावच्या दुसऱ्या दिराजावेच्या दारात जायचं, एवढंच उरलं असतं.

बाकीच्या जेवणाऱ्यांतले काही कुरकुरले, काही रुसून दुसरीकडे गेले. पण बरेचसे टिकले. आपल्या गावी असं झालं तर आपल्यालाही असं कुणी वाढेल, असं त्यांच्या मनात आलं असावं. रुसलेल्यांपैकी कुणीतरी गिरगावात जाऊन चहाडी केली.

सुतक फिटायला एक दिवस उरला होता. ऐन जेवणाच्या वेळी भाड्याची गाडी दारात थांबली आणि भागीरथीबाई उतरल्या. पंगत बसलेली. बाईंनी कुणाकडे पाहिलं नाही. सरळ स्वयंपाकघरात आल्या, पाट ओढला आणि म्हणाल्या, "मला पान वाढ."

शेवंतीने पान मांडलं. तिने भात वाढला, त्यावर ती पांढरीफटक डाळ घातली. बाईंनी पहिला घास घेतला आणि कोपऱ्यातल्या मसाल्याच्या डब्याकडे नजर टाकली. त्याच्या तोंडावर बांधलेलं फडकं तसंच होतं.

"कुणाचं सुतक?"

"परबांचं, बाई."

"तू परब?"

"नाय."

"मग तुझा काय संबंध?"

शेवंतीने चुलीकडे तोंड फिरवलं. मी मधे तोंड घातलं. म्हटलं, "बाई, चूक झाली तिची. पण बाहेर बसलेत त्यांच्या बायका गावी आहेत. त्यांना हे असलं रांधून घालायला दुसरं कोण आहे इथे?"

बाईंनी मला हातानेच गप्प केलं. जेवत राहिल्या. बाहेर रघुनानाने पाणी मागितलं, भावोजी तांब्या घेऊन गेले. बाईंचं पान निम्मं झालं तेव्हा त्या बोलल्या, आवाज मात्र खालचा.

"माझे यजमान गेले त्या दिवशी मी खानावळ बंद ठेवली. दुसऱ्या दिवशी बांगड्याचं कालवण केलं. तिसऱ्या दिवशी सुरमईचं. गिऱ्हाईक जाईल म्हणून पुढचे नऊही दिवस मसाला वाटला. सगळ्यांना ठाऊक होतं. चव बिघडली नाही म्हणून खूश होते. तू जेवलीस का, असं कुणी विचारलं नाही."

शेवंती चुलीकडे तोंड करून उभी होती. तिच्या पाठीकडे बघून मला कळलं, की ती पाटी उतरायची वाट बघतेय.

"इकडे बघ गो," बाई म्हणाल्या. "पाटी राहू दे. पण आणखी एक अट घालते. मला पुढेमागे कोणी नाय. मी गेले की माझं सुतक धरणारं माणूस या मुंबईत नाय. तू दहा दिवस असं रांधशील? माझ्यासाठी?"

शेवंतीने मान हलवली. मी उभ्या जन्मात कुणाला पटकन हो म्हटलेलं नाही, पण तेव्हा म्हटलं. "रांधू, बाई. दोघी मिळून रांधू."

बाईंनी डोळे पुसले नाहीत. भाताच्या हातानेच शेवंतीकडे पान सरकवून त्या म्हणाल्या, "आणखी भात घाल. आणि डाळ घाल वर, कंजूषपणा करू नको."