सरसाचा डबा

बारकीनं तेलात कांदा टाकला आणि कढईकडे कान लावला. आधी चुरचुर जोरात, मग ती मंदावली की कांद्यातलं पाणी आटलं. त्यानंतर नुसता रंग बघायचा. गेल्या महिन्यातल्या तापानं तिचं नाक नेलं होतं, आणि नाकामागोमाग जीभही. ताप उतरला, ही दोन मात्र परत आली नाहीत. घरात तिनं अवाक्षर काढलं नव्हतं. अंथरुणात पडल्या पडल्या उद्याच्या डाळीचा विचार करणाऱ्या मुलीनं कुठल्या तोंडानं सांगायचं, की आता डाळ आणि कोमट पाणी मला सारखंच?

शिवाय सांगितलं असतं तर आज खानावळीच्या मालकीणबाई जेवायला आल्याच नसत्या. कामाला ठेवण्याआधी त्या प्रत्येकीच्या घरी जाऊन एकदा जेवायच्या. "माझ्या भट्टीपुढे सगळ्याच शहाण्यासारख्या वागतात," असं त्यांचं म्हणणं. "घरी काय रांधतेस ते बघू."

आई इस्पितळात ड्यूटीवर होती. एका परीनं बरंच होतं. आईच्या पुढ्यात काहीही वाढा, ती दमल्या डोळ्यांनी "छान झालंय गं" म्हणायची. त्या छानचा बारकीला काडीचा उपयोग नव्हता.

आणि बाबा! बाबा सुतार. पुढ्यात लाकडाचा भुसा वाढला तरी पेपर वाचता वाचता संपवतील, असं आईच म्हणायची. पण बारकी तापातून उठली आणि या माणसाला एकदम वाचा फुटली. मीठ कमी आहे. आलं जास्त पडलं. लसूण कच्चाय अजून. एवढ्यावर भागेना म्हणून ते ऐन स्वयंपाकाच्या वेळी आत येऊन कपाटाच्या बिजागऱ्या तपासत बसायचे. बिजागऱ्या धडधाकट होत्या. तिनं हिशेबाचा कोर्स करावा, सावलीत बसून नोकरी करावी, ही त्यांची इच्छा तिला ठाऊक होती. तेव्हा हे सगळं कशासाठी चाललंय, हे कळायला तिला ज्योतिषी नको होता. चिडून का होईना, ती चिमूटभर मीठ वाढवायची, आलं कमी करायची, आणि मनातल्या मनात त्यांच्याशी भांडायची.

आज सकाळी तेल संपलं, म्हणून तिनं खिडकीतल्या फळीवरची जुनी बाटली काढली होती. रंग तर चांगला दिसत होता. बटाट्याचा रस्सा दाटसर झाला, तसं पातेलं उतरवून तिनं ओट्यावर सिंकच्या कडेला ठेवलं. तेवढ्यात हातात पेचकस घेऊन बाबा आले आणि दारातच थबकले. मग पातेल्यापाशी आले. बाटलीकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं.

ज्या माणसाची करवत कधी रेषेबाहेर गेली नव्हती, त्याच्या कोपराचा धक्का लागून पातेलं सिंकमध्ये आडवं झालं.

बारकी धावली, पण रस्सा सगळा सांडला होता.

"मुद्दाम केलंत."

बाबांनी पातेलं सरळ केलं.

"मी जायला नकोय ना तुम्हाला? मग सरळ सांगायचं होतं! महिनाभर नुसत्या खोड्या काढताय. आणि आता अन्नच ओतलंत?" तिचा आवाज फाटला.

"तेल खवट होतं," बाबा म्हणाले.

तिनं बाटली उचलून नाकाकडे नेली. हात अर्ध्यातच थांबला.

"तू आजारातून उठलीस ना, त्या आठवड्यात मी सरस उकळत ठेवला होता," बाबा पेचकसाकडे बघत म्हणाले. "लाकूड जोडायचा, हाडांचा. डबा उघडाच होता. तू त्याच्या शेजारी बसून आरामात पाव खाल्लास. मांजर घर सोडून गेलं होतं, पोरी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलली नाहीस."

महिनाभराची सगळी मनातली भांडणं तिच्या अंगावर एकदम उलटली. तिला बाबांचा राग आला, स्वतःची लाज वाटली, आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकावंसं वाटलं. यातलं तिनं काहीच केलं नाही. पातेलं घासायला घेतलं. बाबा कोपऱ्यावरच्या दुकानातून तेल घेऊन आले, पाटावर बसले आणि एका मापाचा कांदा चिरू लागले.

"आता घाल," ते म्हणाले. "थांब. हं, झाला लसूण."

"मीठ?"

"अजून जरासं."

मालकीणबाई आल्या, जेवल्या, पावाच्या तुकड्यानं ताटली पुसून घेतली.

"उद्यापासून ये," त्या म्हणाल्या.

बाबा मान खाली घालून जेवत होते. बारकीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"काकू, मला वास येत नाही. चवही कळत नाही, तापापासून. हे सगळं बाबांनी चाखून सांगितलंय."

बाईंनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"परत कधी येईल?"

"माहीत नाही."

"हात चांगलाय तुझा," बाई सावकाश म्हणाल्या. "पण माझ्याकडे माणसं विश्वासानं जेवतात गं. डॉक्टरांना दाखव. नाक आलं की ये. तोवर जागा राहील असं मात्र म्हणणार नाही मी."

त्या गेल्यावर बाबा बराच वेळ पेपराची घडी घालत होते.

"सांगायची काय घाई होती? काम लागलं होतं की."

"तिथे तुम्ही नसता ना."

बारकीनं स्वतःला रस्सा वाढून घेतला आणि पहिला घास तोंडात घातला. गरम होता, मऊ होता. बाकी काही नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तशी तिनं मान ताटलीवर आणखी खाली घातली.

बाबांनी पेपर बाजूला ठेवला. चमच्यानं थोडा रस्सा घेऊन तोंडात धरला.

"आधी कांदा लागतो," ते म्हणाले. "गोडसर. मग जरा थांबून आलं येतं. टोचत नाही पण. कडा घासून गुळगुळीत केल्यासारखं आहे." एवढं बोलून ते अडखळले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

बारकी सावकाश चावत राहिली.

"पुढे?" ती म्हणाली.