घरात घेतलेली शेगडी

मी एक जुनी लोखंडी शेगडी आहे आणि माझं माहेर तेलाच्या विहिरीवरचं. टेक्सासच्या दक्षिणेला, जिथे मेस्कीटची काटेरी झाडं आणि मान खालीवर करणारे पंप यांखेरीज फारसं काही दिसत नाही, तिथे युसेबियो कान्तू नावाचा वेल्डर काम करायचा. विहिरीवर उरलेला जाड नळाचा एक तुकडा त्याने मुकादमाकडून मागून आणला, उभा चिरला, एका अर्ध्याचं माझं पोट केलं आणि दुसऱ्याचं झाकण. धरायला दोन्ही बाजूंना घोड्याचे नाल जोडले. ठिणग्या उडत होत्या तेव्हा मी पार भेदरले होते. पण काम झाल्यावर त्याने मला तेल चोळलं, पहिला जाळ केला आणि बायकोला हाक मारून म्हणाला, "ये, बघ. आपल्याला थोरली लेक झाली!"

तेव्हापासून मी कान्तूंच्या घरातली झाले. घरातली म्हणजे अंगणातली.

मित्रांनो, ते दिवस फार सुखाचे होते. रविवारी चर्चमधून माणसं परतली की माझ्यात मेस्कीटची लाकडं रचली जात. मांसाच्या लांब पट्ट्या लिंबू-मिरचीत मुरवून माझ्यावर टाकल्या की शेजारपाजारचे लोक काहीतरी निमित्त काढून कुंपणाशी येत. कुणाला मीठ हवं असे, कुणाला करवत. युसेबियो सगळ्यांना ओळखून होता. "मीठ देतो, पण आधी जेवून जा," म्हणायचा. माझ्या धुरात बायका हसल्या, पुरुष भांडले, नवऱ्यामुलीच्या झग्याला काजळी लागली. मला त्याचा गर्व होता. का नसावा?

मग युसेबियो गेला. त्याचा मुलगा रोहेलिओ टायरच्या दुकानात काम करायचा. माणूस वाईट नव्हे, पण त्याला हौस नवीन वस्तूंची. त्याने सिलिंडरवर चालणारी चकचकीत शेगडी आणली आणि मला कुंपणाला टेकवून ठेवलं. माझ्या पोटात पानं साचली. एका चिमणीने घरटंही केलं. मी मनात म्हटलं, चला, कुणाला तरी आपला उपयोग आहे.

आणि मग तो हिवाळा आला.

आमच्याकडे फेब्रुवारी म्हणजे लिंबाच्या झाडाला कळ्या येण्याचे दिवस. थंडी म्हणजे सकाळी एक स्वेटर, जो दुपारी कमरेला बांधायचा. त्या वर्षी मात्र उत्तरेकडून वारा सुटला तो जणू कुणाच्या मागावर असल्यासारखा. पाऊस पडता पडता काच झाला. निवडुंगावर बर्फ बसला, लिंबाचं झाड काळं पडलं. पहिल्या सकाळी रोहेलिओची मुलगी आरासेली हातात मोजे चढवून बर्फात नाचली. घरात कुणाकडे हातमोजे नव्हतेच.

मग वीज गेली. थोडा वेळ जाईल, असं सांगितलं होतं. ती गेली ती गेलीच. आमच्या भागातली घरं विजेवर तापतात. वीज नाही म्हणजे ऊब नाही. त्याच्या मागोमाग नळ आधी गुरगुरला, मग थेंब थेंब गळला, मग गप्प झाला. माळ्यावरून जाणारे नळ आतल्या आत गोठले होते.

रोहेलिओची बायको नेल्डा अंगणात येऊन त्याच्यावर कडाडली. "रस्त्याकडचा मुख्य कॉक बंद कर म्हणून मी काल कंठशोष केला. नळ फुटला तर?"

"कॉकच्या झाकणावर बोटभर बर्फ चढलाय, बाई. आणि गोठलेलं पाणी पळून कुठे जाणार?"

"तू आणि तुझं तत्त्वज्ञान! घर वाहून गेलं की मग जा कॉक शोधायला."

तेवढ्यात त्याच्या चकचकीत शेगडीचा सिलिंडरही संपला. सगळ्या गावाने सिलिंडर उचलले होते, दुकानं ओस पडली होती. रोहेलिओ कुंपणाशी आला, माझ्यातली पानं झटकली आणि थोडा ओशाळून म्हणाला, "चल म्हातारे, तूच ये आता."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! दोन दिवस मी सगळ्या गल्लीची अन्नदाती होते. माझ्यावर बर्फ वितळवून बादल्या भरल्या, नाहीतर संडासात ओतायला पाणी कुठून आणणार? बंद पडलेल्या फ्रीजरमधलं हरणाचं मांस, मक्याच्या पिठाचे टमाले, सगळं माझ्यावर शिजलं. शेजारणी पातेली घेऊन आल्या. पण लोखंडाला भोवतीची थंडी कळते. रात्रीगणिक ती वाढत होती आणि घराच्या भिंतींतून आतली ऊब गळून चालली होती. ट्रकमध्ये बसून अंग शेकायचं, तर पेट्रोलही तळाला गेलं होतं.

घरात नेल्डाचे वडील होते, सगळे त्यांना मानाने डॉन लासारो म्हणत. जुन्या रँचवर, गुरांच्या माळावर वाढलेला, जिभेला धार असलेला म्हातारा. तिसऱ्या दिवशी दुपारी नेल्डा बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"रोहेलिओ, अपांचे ओठ बघ. निळे पडलेत. नेहमीसारखे टोमणेसुद्धा मारत नाहीत ते."

डॉन लासारो दारात घोंगडी पांघरून उभे होते. "माझ्या ओठांचं सोडा. पोरीचे हात बघा, गार पडलेत. ही शेगडी आत घ्या."

"आत? अपा, धूर होईल."

"आम्ही रँचवर वाढलो ते काय वीज होती म्हणून? खोलीच्या मध्ये निखाऱ्यांचं घमेलं असायचं. नऊ भावंडं त्याच्याभोवती झोपायचो. एक तरी मेलं का? धूर बाहेर जाऊ दे. निखारे लाल झाले, धूर थांबला, की आत घ्यायचं. एवढी साधी अक्कल आहे ती."

नेल्डा घुटमळली. "पण रोहेलिओ..."

"बरोबर बोलतायत ते," रोहेलिओ म्हणाला. "धूर नसला की झालं."

मित्रांनो, मी ओरडू शकले असते तर तेव्हा ओरडले असते. धुराला सगळे नावं ठेवतात, पण धूर प्रामाणिक असतो. डोळ्यांत जातो, खोकला काढतो, माणसाला दाराबाहेर घालवतो. लाल, शांत, सुंदर निखाऱ्यातून जे निघतं त्याला रंग नाही आणि वास नाही. अंगणात वारा ते उचलून नेतो. बंद खोलीत ते माणसाच्या रक्तात शिरतं आणि त्याला गोड झोप आणतं. हे मला माझ्या पोटातून ठाऊक होतं आणि सांगायला मला तोंड नव्हतं.

त्यांनी घोड्याच्या नालांना धरून मला उचललं आणि उंबऱ्यापलीकडे नेलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा घर आतून पाहिलं. युसेबियोचा फोटो भिंतीवर होता. सगळ्यांच्या गाद्या एकाच खोलीत ओढल्या होत्या. खिडक्यांवर प्लास्टिक चिकटवलं होतं, दारांखाली टॉवेल कोंबले होते. नेल्डाने एकही फट सोडली नव्हती. तिची ती मेहनत बघून मी गारठले, पेटलेली असूनही.

सुरुवातीला सगळे खुशीत होते. आरासेलीने हात पुढे केले. डॉन लासारोंचे ओठ पुन्हा लाल झाले, जरा जास्तच लाल, आणि ते बघून नेल्डाला बरं वाटलं.

"आला का जीव, अपा?"

"आला. आता तुझ्या नवऱ्याला नावं ठेवायला ताकद आहे." म्हाताऱ्याने डोळा मारला. "कॉक बंद केला का रे, जावईबापू?"

सगळे हसले. थोड्या वेळाने आरासेली म्हणाली, "अमा, माझं डोकं दुखतंय."

"पोटात काही नाही ना, म्हणून. पड जरा, मिहा, माझ्या लेकी. मी टॉर्टिया गरम करते."

नेल्डा उठली आणि तिचे गुडघे वाकले. ती परत गादीवर बसली, स्वतःशीच हसली. "किती दमलेय मी," म्हणाली. रोहेलिओने जांभई दिली. डॉन लासारो बोलता बोलता गप्प झाले आणि त्यांची मान छातीवर आली. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. इतके दिवस न झोपलेल्या माणसांना ऊब मिळाली की झोप येणारच.

मला जी भीती वाटली ती मी शब्दांत कशी सांगू? माझ्यासमोर एकेक डोळा मिटत होता. आरासेलीचा हात गादीवरून माझ्या बाजूला लोंबत होता, बोटं अर्धी उघडी. मी विझायची धडपड केली, पण शेगडीला स्वतःला विझवता येत नाही. मी राखेला विनवलं, वर ये, झाकून टाक हे निखारे. निखारे मात्र खुशाल लाल होते. भिंतीवरून युसेबियो बघत होता. त्याने मला लेक म्हटलं होतं, आणि मी त्याचं घर झोपवत होते. मला वाटलं, आता या खोलीत जागी उरेन ती मी एकटीच.

तेवढ्यात माझ्या काठावर चर्रर्र झालं.

पाण्याचा थेंब होता. मग दुसरा आला. माझी ऊब वर वर जाऊन छताला लागली होती, आणि छतावरचा नळ, जो थंडीने आधीच चिरला होता, त्यातला बर्फ सुटू लागला होता. कॉक उघडाच होता. बघता बघता छतावर डाग पडला, डाग फुगला, आणि छताचा मोठा तुकडा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा खाली आला. त्यामागून बर्फगार पाणी धो धो कोसळलं, माझ्यावर, गादीवर, रोहेलिओच्या तोंडावर.

तो किंचाळून उठला. त्याला माझ्याबद्दल काहीच कळलं नव्हतं. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती, नेल्डाची बोलणी. "कॉक... कॉक..." असं पुटपुटत तो दाराकडे रांगत गेला, कारण पायांवर उभं राहता येईना. त्याने टॉवेल ओढला, दार उघडलं आणि उंबऱ्यावर पालथा पडला. बाहेरची बोचरी हवा आत घुसली. तो ओकला. मग त्याने मागे वळून पाहिलं. एवढं पाणी अंगावर पडूनही म्हातारा हलत नव्हता आणि पोरगी हलत नव्हती. तेव्हा त्याला कळलं.

"नेल्डा! ऊठ! बाहेर! सगळे बाहेर!"

नेल्डाने आरासेलीला काखेत धरून फरफटत नेलं. दोघांनी मिळून डॉन लासारोंना घोंगडीसकट ओढलं. पोरगी बर्फावर आडवी होती आणि आई तिच्या गालांवर चापट्या मारत होती. "श्वास घे, मिहा, श्वास घे ना गं." मी आत विझत होते, वाफेत काही दिसत नव्हतं. मी फक्त ऐकत होते. मग आरासेली खोकली आणि रडायला लागली. त्या रडण्याइतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही.

शेजाऱ्यांनी मदत बोलावली. घसरड्या रस्त्यावरून रुग्णवाहिका कशीबशी आली. त्यातली बाई हातात विषारी वायू ओळखणारं एक यंत्र घेऊन दारातून आत आली आणि ते यंत्र कर्कश ओरडू लागलं. ती तशीच मागे फिरली.

"ही शेगडी आत कुणी आणली?" तिने विचारलं. "आणखी थोडा वेळ गेला असता, तर मी इथे कुणाशीच बोलत नसते."

डॉन लासारो बरेच दिवस रुग्णालयात होते. परत आले ते थरथरत्या हातांनी आणि अर्धी नावं विसरून. वीज आली होती, छत नवं झालं होतं. मी अंगणात, गंजून लाल. ते माझ्यासमोर खुर्ची टाकून बसले आणि नेल्डाला म्हणाले, "आमच्या रँचवरच्या घराला फळ्यांच्या भिंती होत्या. दोन फळ्यांमधून चांदणं दिसायचं. आई रोज त्या फटींना शिव्या द्यायची. त्या फटींनीच आम्हा नऊ जणांना जगवलं, आणि हे मला सत्तर वर्षांत कळलं नाही."

रोहेलिओला मी नकोशी झाले होते. भंगारवाल्याला द्यायचं दोनदा ठरलं. डॉन लासारोंनीच अडवलं. "तिचा काय दोष? तिला आत नेलं मी."

उन्हाळ्यात मला पुन्हा घासलं, तेल चोळलं, आकाशाखाली पेटवलं. शेजारी मीठ मागायला आले. सगळे माझ्याभोवती गोळा झाले, एकटी आरासेली सोडून. ती लिंबाच्या झाडाच्या नव्या फुटव्यापाशी उभी राहिली आणि तिथूनच बशी पुढे केली. रोहेलिओ म्हणाला, "ये गं जवळ, काही करत नाही ती." ती मान हलवून म्हणाली, "नाही. मी इथेच."

मित्रांनो, जुन्या वस्तू तुमच्याकडे प्रेम मागतात, माया मागतात. मी तसलं काही मागत नाही. वीज जाईल, नळ गोठतील, हात बधिर होतील, आणि कुणीतरी शहाणं माणूस म्हणेल, धूर थांबलाय, आता आत घ्या. तेव्हा कोळशाची शेगडी, चालू गाडी, धडधडणारा जनरेटर, यांतलं काहीही छपराखाली आणू नका. एकमेकांना बिलगा, असतील नसतील ते कपडे चढवा, शेजाऱ्याचं दार ठोका, पण मला बाहेरच ठेवा. ती पोर माझ्यापासून लांब उभी राहून जेवली, तेव्हा मला वाईट वाटलं नाही. मी तिच्यासाठी मांस अगदी जपून भाजलं.