दीपिकाच्या जागी

शिकून पदवी घ्यायची आणि मग नोकरीसाठी चपला झिजवायच्या, हा प्रकार शामरावांनी घरातच पाहिला होता. त्यांचा मुलगा राजेश बी.कॉम. झाला आणि पुढची पंधरा वर्षं कधी कुरिअर, कधी सिक्युरिटी, कधी नुसताच घरी, असं करत करत करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. त्यामुळे नात दीपिका दहावी पास झाली तेव्हा म्हाताऱ्यानं एकच हेका धरला. पोरीच्या हाताला काम देईल तेच शिक्षण द्यायचं.

नेमकं त्याच वर्षी जवळच्या पालिकेच्या शाळेत अकरावीला नवा विषय आला. लिफ्ट दुरुस्ती. आठवड्यातले तीन दिवस शाळेत धडे, तीन दिवस लोअर परळच्या एका कंपनीत प्रत्यक्ष काम. दोन वर्षांनी बारावीची मार्कशीट आणि अप्रेंटिसचं सर्टिफिकेट एकदमच हातात, आणि बहुतेक तिथेच नोकरी. बारा मुलं घेतली, त्यात दीपिका. ज्या दिवशी तिला कंपनीचं ओळखपत्र मिळालं त्या दिवशी शामरावांनी चाळीच्या दोन्ही मजल्यांवर पेढे वाटले. बघणाऱ्याला वाटावं, पोरगी कलेक्टरच झाली.

पालकांच्या सभेत मेघना मॅडम म्हणाल्या होत्या, ‘‘हजेरीच्या बाबतीत हयगय चालणार नाही.’’ लिफ्टचा विषय त्याच शिकवत. त्या पुढेही बरंच काही बोलल्या. पण शामरावांनी तेवढंच वाक्य ऐकलं आणि मनाशी गाठ मारून ठेवली. बाकीचं ऐकायची त्यांना गरजच वाटली नाही. हजेरी म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

दुसऱ्या महिन्यात, एका रविवारी, दीपिका तापानं फणफणली. संध्याकाळपर्यंत डेंग्यू निघाला, पेशी उतरल्या आणि परळच्या इस्पितळात वॉर्डच्या कोपऱ्यात एक खाट मिळाली. सून शैला लेकीपाशी बसली. तिनं विचारलं, ‘‘मामा, उद्यापासून तिचे कंपनीचे दिवस आहेत. कळवायला पाहिजे ना?’’

‘‘ते मी बघतो. तू पोरीकडे लक्ष दे,’’ शामराव म्हणाले.

आणि ते त्यांनी कसं बघितलं, तर असं.

शामराव मिलमध्ये लागले ते बदली कामगार म्हणून. त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात. सकाळी सातच्या पाळीला फाटकावर पन्नास-साठ बदलीवाले उभे असत. कोणी कायम कामगार आला नाही की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, गर्दीतल्या एकाला बोटानं आत घेई. उरलेले घरी. नऊ वर्षं शामराव त्या गर्दीत उभे राहिले. त्या नऊ वर्षांनी त्यांना एक गोष्ट शिकवली, ती पुढे कुठल्याच अनुभवानं पुसली नाही. तुझी जागा चार दिवस रिकामी राहिली की ती तुझी नसते. म्हणून शहाणा कामगार गावी जाताना किंवा आजारी पडताना जॉबरच्या कानावर घालून आपलाच भाऊ, आपलाच मेहुणा मशीनवर उभा करी. जागा घरातच राही. त्यात कुणालाच काही गैर वाटत नसे. उलट, तसं न करणारा बावळट ठरे.

तर रविवारी संध्याकाळी शामराव घरी आले, खुंटीवरून दीपिकाचं ओळखपत्र काढलं, इस्त्री केलेला गणवेश घेतला आणि थेट पलीकडच्या चाळीत गेले. तिथे शैलाच्या बहिणीची मुलगी राहत होती. प्रिती. अठरा वर्षांची, बारावी होऊन मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात लागलेली. दोघी मावसबहिणी जवळजवळ एकाच साच्यातल्या. डोक्यावर हेल्मेट आणि तोंडाला मास्क असला तर आईलासुद्धा दोनदा बघावं लागेल.

प्रिती म्हणाली, ‘‘आजोबा, वेडबिड लागलंय का? पकडली गेली तर?’’

‘‘कोण पकडतोय? तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. जायचं, उभं राहायचं, कोणी नाव घेतलं की हजर म्हणायचं. काही विचारलंच तर म्हणायचं, आज बरं वाटत नाही.’’

‘‘मला लिफ्टमधली एबीसीडीसुद्धा येत नाही ओ.’’

‘‘मला कुठे येत होतं सूत कातायला? उभं राहिलं की येतं. अगं, तिच्या आयुष्याचा प्रश्न आहे. एकदा नाव कापलं की संपलं.’’

प्रितीनं दुकानातून तीन दिवस सुट्टी काढली. आजोबांच्या डोळ्यांत पाणी पाहून नाही म्हणणं तिला जमलं नाही, एवढाच तिचा गुन्हा.

सोमवार निभावला. मंगळवारही निभावला. दीपिकाच्या वर्गातल्या अकराही मुलांनी प्रितीला पहिल्या पाच मिनिटांतच ओळखलं होतं. पण ही सगळी परळ-लालबागची पोरं. मैत्रिणीची अडचण आहे म्हटल्यावर त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. शामरावांना कळलं तेव्हा त्यांचा ऊर भरून आला. माणुसकी अजून मेलेली नाही, असं ते शैलाला म्हणाले. कशाबद्दल ते मात्र सांगितलं नाही.

बुधवारी दुपारी ते वॉर्डात बसून किवी सोलत होते. डेंग्यूला किवी चांगलं, असं आजूबाजूच्या प्रत्येक खाटेवरच्या नातेवाइकानं त्यांना सांगितलं होतं. तेवढ्यात मेघना मॅडमचा फोन आला.

‘‘आजोबा, दीपिका कुठे आहे?’’

आवाजावरूनच म्हातारा समजला. तरी म्हणाला, ‘‘कंपनीत. आज कंपनीचा दिवस ना.’’

‘‘माझ्याशी तरी खोटं बोलू नका,’’ मॅडम म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

झालं होतं ते असं. प्रशिक्षण केंद्रात शिकण्यासाठी एक खरी लिफ्ट बसवलेली होती. हितेंद्र सर त्याच सोमवारी या तुकडीवर आले होते. त्यांना चेहरे माहीत नव्हते, फक्त यादी माहीत होती. सुरक्षेच्या चाचणीत पैकीच्या पैकी गुण एकाच मुलीला होते. म्हणून त्यांनी दीपिका हे नाव पुकारलं, तिला लिफ्टच्या टपावर उभं केलं आणि स्वतः खाली उभे राहून बाजूच्या फटीत हात घालून रोलर, म्हणजे रुळावरून फिरणारं चाक, दाखवायला लागले. हात घालण्याआधी म्हणाले, ‘‘स्टॉप दाब.’’ टपावर दोन बटणं शेजारी शेजारी असतात. खऱ्या दीपिकाला ती झोपेतही सापडली असती. प्रितीनं दुसरं, लिफ्ट चालवायचं, दाबलं. लिफ्ट वीतभर सरकली. हितेंद्र सरांचं उजवं मनगट मोडलं. अंगठ्याची नस तुटली ती वेगळीच.

ते ऐकल्यावर शामरावांनी अर्धवट सोललेलं किवी बशीत ठेवलं. शैलानं विचारलं, काय झालं. ते म्हणाले, काही नाही, आणि जिना उतरून रस्त्यावर आले.  मी काय करून बसलो, मी काय करून बसलो, असं ते मोठ्यानं म्हणत होते आणि बसची वाट बघणारे लोक त्यांच्यापासून दोन पावलं सरकून उभे राहत होते.

गुरुवारी सकाळी त्यांना कंपनीत बोलावलं. सोबत मेघना मॅडम. कंपनी एका जुन्या मिलच्या आवारात होती. ती शामरावांची मिल नव्हती. त्यांची पलीकडच्या गल्लीत होती आणि तिथे आता बोलिंग खेळतात. प्रशिक्षण प्रमुखाचं नाव हर्षवर्धन. राजेश असता तर त्याच्याहून चार-पाच वर्षांनी लहान. तो ओरडला नाही. त्यानं पाणी दिलं. शामरावांना वाटलं, याच्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं.

‘‘साहेब, सगळं मी केलं,’’ शामराव म्हणाले. ‘‘पोरीला काही माहीत नाही. ती तापानं बडबडत होती. कार्ड मी काढून नेलं. प्रितीला मी पाठवलं. मला पोलिसात द्या, पण तिचं नाव कापू नका.’’

‘‘पण का, काका? आजारी होती तर एक फोन करायचा होता.’’

‘‘जागा गेली असती ना साहेब.’’

‘‘कुठे गेली असती?’’

शामरावांना प्रश्नच कळला नाही. ‘‘म्हणजे... दुसऱ्या कुणाला दिली असती.’’

हर्षवर्धननं मेघना मॅडमकडे पाहिलं. त्या खाली बघत होत्या. मग तो हळूहळू बोलला. ‘‘काका, आम्ही शाळेकडे वीस मुलं मागितली होती. बाराच मिळाली. मुंबईत इतके टॉवर उभे राहताहेत आणि लिफ्ट सांभाळायला माणूस मिळत नाही. म्हणून तर आम्ही शाळेच्या दारात गेलो. दीपिका महिनाभर आली नसती तरी जागा तिचीच होती. डॉक्टरांची चिठ्ठी दिली की बुडलेले दिवस सुट्टीत भरून घेतो. तुमच्या सभेत सांगितलंय ते.’’

‘‘सांगितलं होतं, आजोबा,’’ मेघना मॅडम म्हणाल्या. ‘‘दोनदा.’’

शामराव खिडकीतून फाटकाकडे बघत राहिले. फाटकावर एक वॉचमन होता. दुसरं कोणी नव्हतं. चाळीस वर्षं ज्या गर्दीला ते घाबरत आले ती गर्दी तिथे नव्हतीच.

‘‘मग तिला ठेवा साहेब,’’ ते म्हणाले. ‘‘माणसं मिळत नाहीत म्हणता, ही तर तुमची पहिल्या नंबरची पोरगी.’’

‘‘तेच तर वाईट वाटतंय. पण खाली काम करणारा माणूस वर कोण उभं आहे या भरवशावर हात घालतो. हितेंद्र सरांनी तिच्या गुणांवर भरवसा ठेवला होता. उद्या तिच्या खाली उतरायला माझा एकही माणूस तयार नाही. मी सकाळी सगळ्यांना विचारून बघितलं.’’

शामरावांनी आयुष्यात कुणाचे पाय धरले नव्हते. तसे संस्कारच नव्हते. बापानं शिकवलं होतं, उपाशी राहीन पण वाकणार नाही. पण त्या खोलीत त्यांचा हात आपोआप खाली गेला, हर्षवर्धनच्या बुटांकडे. तो पोरगा दचकून मागे सरकला आणि म्हणाला, ‘‘काका, नको, प्लीज.’’ मेघना मॅडमनी त्यांना दंडाला धरून उठवलं. त्या क्षणाची लाज शामरावांना मरेपर्यंत पुरणार होती, पण त्या लाजेनंही काही झालं नाही.

मार्ग दोनच होते. चौकशी झाली तर तोतया पाठवल्याचा शेरा दीपिकाच्या नावावर कायमचा बसणार. मग कुठलीच कंपनी तिला शिकाऊ म्हणून घेणार नाही. प्रितीवरही तक्रार होणार, आणि गप्प बसलेल्या अकरा मुलांचाही विचार करावा लागणार. नाहीतर पालकानं, म्हणजे शाळेच्या कागदांवर पालक म्हणून नाव असलेल्या शामरावांनी, लिहून द्यायचं की आम्ही आमच्या मर्जीनं मुलीला प्रशिक्षणातून काढतो. मग शेरा नाही, तक्रार नाही, अकरा मुलं शाबूत. दीपिकाचं वर्ष मात्र जाणार आणि हा विषयही. पुन्हा अकरावी, दुसरं काहीतरी घेऊन.

‘‘आजच सांगावं लागेल,’’ हर्षवर्धन म्हणाला. ‘‘दुपारी माझा अहवाल वर जातो.’’

मिल बंद पडताना मालकांनी राजीनाम्याचे कागद पुढे केले होते. सगळी खाती सही करत गेली. शामरावांनी दोन वर्षं सही केली नाही. घरात चूल पेटायची मारामार होती तरी केली नाही. त्याच माणसानं त्या दिवशी कागद पुढे ओढला आणि पाच मिनिटांत सही केली. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं, की मेघना मॅडमना खाली नाव पुन्हा लिहावं लागलं.

चार वाजता भेटीची वेळ सुरू झाली. दीपिकाचा ताप आदल्या दिवशीच उतरला होता. ती उशीला टेकून बसली होती, चेहरा एवढासा झालेला. आजोबांना बघून हसली.

‘‘आजोबा, डॉक्टर म्हणाले शनिवारी सोडतील. मॅडमना सांगून ठेवा हां, मी पुढच्या सोमवारी येते म्हणून. बुडलेले दिवस दिवाळीत भरून देईन.’’

तिलासुद्धा माहीत होतं. घरात एकट्या शामरावांनाच माहीत नव्हतं.

खोटं बोलायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. खाटेच्या कडेला बसून त्यांनी सगळं सांगितलं. कार्ड, प्रिती, बटण, मनगट, कागद. शैला तोंडावर पदर धरून उभी राहिली.  सांगून झाल्यावर दीपिकानं विचारलं, ‘‘सरांचा कुठला हात?’’

‘‘उजवा.’’

‘‘ते बरे होतील ना? काम करता येईल ना त्यांना?’’

‘‘माहीत नाही, बाळा.’’

तिनं अंगावरची चादर बाजूला केली. मग म्हणाली, ‘‘सही करायच्या आधी मला फोन का नाही केलात? कालपासून मी शुद्धीवर आहे. फोन आईच्या पिशवीतच होता.’’

‘‘तू आजारी होतीस गं. तुला कशाला त्रास...’’

‘‘सोमवारी माझ्या जागी प्रिती गेली. आज माझ्या जागी तुम्ही गेलात,’’ दीपिका म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढायला अंगात जोरच नव्हता. ‘‘मी कधी जायचं, आजोबा?’’

 शामरावांनी सुनेकडे पाहिलं, पण शैला लेकीच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि तिनं वर बघितलं नाही.