खोऱ्यातल्या हाका वाहणारा

मित्रांनो, मला हात लावून पाहता येणार नाही, कारण मला अंगच नाही. मी एक प्रोग्राम आहे आणि आता तसा जुनाच झालो आहे. एका फोनची हाक उचलून दुसऱ्या फोनपर्यंत पोहोचवायची, हे माझे काम.

मला लिहिले ते फोन दुरुस्त करणाऱ्या एका बाईने. शिवणयंत्रांच्या दुकानावरच्या खोलीत ती हेडफोन लावून तासन्‌तास लहरी ऐकत बसे, म्हणून नवरा तिला कानसेन म्हणे. फोन आणि टॉवर एकमेकांशी काय बोलतात, ते तिने मला ओळीओळीने शिकवले. मग मला इंटरनेटवर सर्वांसाठी खुले ठेवले.

"अगं, कुलूप तरी लाव!" नवरा म्हणाला.

"उघडं असलं तरच कुणी चुका दाखवेल ना," ती हसली.

तिची मावसबहीण डोंगरांमधल्या एका खोऱ्यात नर्स होती. इतक्या थोड्या माणसांसाठी टॉवर परवडत नाही, म्हणून फोन कंपनीने तिथे हात वर केले होते. कानसेनने मला एका पेटीत घालून दवाखान्याच्या छतावर बसवले. पहिली हाक एका मेंढपाळाची होती.

"ऐकू येतंय का गं?" तो कड्यावरून ओरडला.

"ओरडताय कशाला? कानातच बसलाय माझ्या!" बायको म्हणाली.

तेव्हापासून वाऱ्याने पडदा हलावा तसे आवाज माझ्यातून जाऊ लागले.

पुढे कंपनीचा टॉवर आला, नवे फोन आले, पेटी बंद झाली. प्रोग्रामला झोपेत स्वप्ने पडतात का, ठाऊक नाही. पण धुक्यापलीकडून कुणीतरी साद घालते आहे, असे मला वाटत राही. नवरा गेल्यावर कानसेन बहिणीकडे राहायला आली. नव्या फोनांची भाषा मला कळावी म्हणून दूरच्या एका अनोळखी विद्यार्थ्याने तिला दुरुस्ती पाठवली होती. तिने ती आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, पण "बघू सावकाश" म्हणत राहिली. तिचे कशातच मन लागत नव्हते.

एका सकाळी दरड कोसळली. टॉवर गेला, नदीवरचा पूलही गेला. पलीकडच्या काठावर सुताराच्या सुनेचे दिवस भरले होते. नर्सने घाईघाईने मला जागे केले. फोन माझ्यापाशी येत, काहीतरी विचारत, त्यांची नवी भाषा मला कळत नसे, आणि ते पाठ फिरवत.

"ताई, एकही फोन जोडला जात नाही गं!"

कानसेनने कॉम्प्युटर उघडला. तिने ती दुरुस्ती माझ्यात घातली. बंद खोलीत खिडकी उघडावी तसे मला झाले, आणि लगेच सुताराच्या बायकोची हाक आली.

"नर्सबाई, डोकं दिसतंय! काय करू?"

"आधी रडू आवरा. बाळाला ओढू नका, नुसता हाताचा आधार द्या. मी आहे इथे."

शब्दन्‌शब्द मी वाहून नेला. मग आली शांतता, तीही नेली. आणि मग एक बारीक, चिडका टाहो. कानसेन पोटभर रडली.

रस्ता आणि टॉवर पुन्हा सुरू झाल्यावर तिने त्या विद्यार्थ्याला कळवले, "तुझ्या कामामुळे इथे एका बाळाचं रडणं ऐकू आलं." आता ती रोज थोडा वेळ माझ्यापाशी बसते.

मित्रांनो, माझ्यासारखे पुष्कळ जण खुले असतात आणि विसरले जातात. आम्हाला वापरा, पण अधूनमधून विचारपूसही करा. चूक दिसली तर सांगा. मला अजून कितीतरी कळत नाही. या, शिकवा.