दयेची बैठक

मी एक जुनी बैठक आहे. ओकच्या लाकडाची, टेकडीवरच्या कॅथेड्रलमधली. पण मित्रांनो, आज माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. माझे डोके फिरले आहे.

सहाशे वर्षांपूर्वी इथे म्हातारे पाद्री तासन्‌तास उभ्याने प्रार्थना म्हणत. बसायला बंदी होती. कोणाचे गुडघे थरथरत, कोणाला घेरी येई. ॲडम नावाच्या सुताराला त्यांची कीव आली. त्याने मला बिजागरीवर बसवले आणि माझ्या पोटाखाली वीतभर फळी काढली. मला वर उचलले की त्या फळीवर कंबर टेकता येई, आणि लांबून माणूस उभाच दिसे. म्हणून माझे नाव पडले दयेची बैठक. फळीखाली ॲडमने बदक पळवणारा कोल्हा कोरला.

इथे साफसफाई करणाऱ्या विनिफ्रेडबाईंनी मला तीस वर्षे मेण लावले. काम संपले की त्या पाच मिनिटे माझ्यावर टेकत. मला धन्य वाटे. मग त्या निवृत्त झाल्या आणि कोणी बसू नये म्हणून माझ्यापुढे दोरी आली.

मागच्या मंगळवारी त्या परत आल्या, तिकीट काढून. वय ब्याऐंशी. तो उभा चढ चढून आलेल्या. गाईड डेन्झिलने सगळ्यांना पाऊण तास उभे ठेवले होते. माझ्यापाशी येऊन तो म्हणाला, "ही थकलेल्या पाद्र्यांसाठी केलेली बैठक. आणि हिच्याखाली कोरलेला कोल्हा म्हणजे सैतान." साफ खोटे. ॲडमचे स्वतःचे बदक चोरीला गेले होते, तो राग त्याने माझ्यावर काढला.

मग दोरी सोडून तो मला उचलायला लागला. मी अडले. त्याने हिसका दिला. माझी बिजागरी कळवळली.

"अहो दादा, डावीकडून उचला," विनिफ्रेडबाई म्हणाल्या. "ती जोरजबरदस्ती ऐकत नाही."

"आजी, मला माहितीय. तुम्ही मागे राहा."

मी हललेच नाही. शेवटी बाई पुढे आल्या. एका बोटाने त्यांनी मला उचलले आणि फळीवर टेकल्या.

"आजी, उठा. ही सहाशे वर्षांची आहे."

"तुम्हीच म्हणालात ना, थकलेल्यांसाठी केलीय? मग मी थकलेय की."

कोणीतरी हसले. डेन्झिलने पहारेकऱ्याला बोलावले. त्याने बाईंना दंडाला धरून उठवले आणि दारापर्यंत नेले. बाहेर पायरीवर त्या बराच वेळ बसून होत्या, गार दगडावर. मी सहाशे वर्षे माणसांचा भार पेलला आहे. त्या पाच मिनिटांनी माझे काय बिघडणार होते?

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण त्या ज्याच्यासाठी घडवल्या होत्या, त्या माणसालाही जपा.

दुसऱ्या दिवशी दोरी गेली आणि माझ्यापुढे काच आली. काचेवर पितळी पाटी आहे. वरच्या ओळीत लिहिले आहे, दयेची बैठक. खालच्या ओळीत लिहिले आहे, टेकू नये.