भैरूचे सोमवार

मानवतच्या बाजारात रेवणप्पांचं धान्याचं दुकान होतं. मागे घर, आणि दारात भैरू नावाचा म्हातारा कुत्रा. त्या श्रावणात भैरूने सोमवार धरले, असं रेवणप्पांच्या आईने, बसम्माने, जाहीर केलं. सोमवारी त्याने भाकरी तोंडात घेतली, खाली ठेवली आणि नुसतं दूध चाटलं. पुढच्या सोमवारीही तेच.

झालं! गल्लीतल्या बाया पाया पडायला यायला लागल्या. कुणी गळ्यात बेलपानांची माळ घातली, कुणी कपाळावर विभूती ओढली. निजामाच्या अमलात रोज काहीतरी धास्तीची बातमी यायची. त्यापेक्षा हा कुत्रा लोकांना बरा वाटला. बसम्मा त्याच्याजवळ पाट टाकून बसायची आणि त्याचं माहात्म्य सांगायची.

भैरूला खायला घालायची ती सून सिद्धम्मा. सोमवारी घरात सगळ्यांचा उपास, चुलीवर तवा चढत नसे, म्हणून त्याला आदल्या दिवशीची वाळकी भाकरी मिळे. एरवी वरणात कुस्करलेली ताजी. हे ध्यानात आल्यावर ती नीट बघायला लागली. भैरू मान वाकडी करून एकाच बाजूने चावत होता. लाळ गळत होती. पंजाने तोंड घाशीत होता. डाव्या डोळ्याखाली सूज होती, जवळ गेलं की तोंडाची घाण यायची. टाकून दिलेल्या भाकरीला रक्त लागलं होतं.

"आत्याबाई, त्याचे दात दुखायलेत. उपास न्हाई त्यो."

"गप बस. पाप लागंल," बसम्मा म्हणाली. रेवणप्पांनी तराजूत डोळे घातले.

शेवटच्या सोमवारापर्यंत कुस्करलेली भाकरीही बंद झाली. फासळ्या दिसायला लागल्या. बसम्मा म्हणाली, आता त्यानं अख्खा महिना धरलाय. आणखी थोडे दिवस असंच चाललं असतं तर कुत्रा मेलाच असता. सिद्धम्माला भीती वाटत होती, आणि तितकाच संतापही आला होता.

त्या दिवशी ओसरी बायांनी भरली होती. सिद्धम्माने भाकरी दुधात पार लापशी होईपर्यंत कालवली आणि सगळ्यांदेखत भैरूपुढे ठेवली. भर सोमवारी भैरूने वाडगा चाटूनपुसून साफ केला. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

बसम्मा संतापून उठली. "उपास मोडलास की त्याचा! काय घातलंस त्यात?"

"तुमचंच जेवण, आत्याबाई. रोज तुमाला कालवून देते तसंच."

बसम्माच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. शेवटची दाढ गेली तेव्हा ती गालाला हात लावून दिवसदिवस विव्हळली होती, सगळं घर तिने डोक्यावर घेतलं होतं. ती पुन्हा पाटावर बसली. भैरूला जवळ ओढून अंगठ्याने तिने त्याचा ओठ वर केला. हिरड्या लालभडक, दाढेवर तपकिरी थर, मुळाशी पू.

तिने त्याच्या गळ्यातली माळ काढली. "रेवण, जनावराच्या डाक्टरला बोलीव. आत्ताच्या आत्ता." मग पदराने त्याची लाळ पुसत ती हळूच म्हणाली, "लय दुखलं आसंल रं. मला निदान वरडता तरी आलं."