भावजींचे तीन चंद्र

भावजी दगा देणार हे तिला त्यांच्या आवाजावरून कळायचं. एरवी माणूस फटकळ. पण ज्या रविवारी ते खुर्ची पुढे ओढून, "बस गं, एवढी घाई कशाला, शांतपणे बोलू," असं मधाचं बोट लावल्यासारखं बोलायचे, त्या रविवारी संध्याकाळपर्यंत तिच्या एखाद्या चंद्रावर त्यांची जहाजं उतरलेली असायची. गोड बोलून गळा कापणं म्हणतात ते हेच. उलट, "तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" असं ते खेकसले की समजायचं, यांना तह हवाय.

ती वेधशाळेत कामाला होती, म्हणून रविवारच्या मंडळातले सगळे तिला 'वेधशाळा'च म्हणायचे. पहाटे गच्चीवरून हवामानाचा पांढरा फुगा सोडायचा आणि तो वर कुठेकुठे भरकटतो ते यंत्रावर बघत बसायचं, हे तिचं काम. भावजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते नदीपलीकडच्या देशातले. तिथल्या परराष्ट्र खात्यात खलिते लिहायचे, निषेधाचे, खेदाचे, अभिनंदनाचे. ताई लग्न करून तिकडे गेली आणि दर रविवारी भावजी पूल ओलांडून इकडे यायला लागले. सासुरवाडीच्या ओढीने नव्हे, खेळायला.

"आठवडाभर सभ्य भाषेत खोटं लिहितो," ते म्हणायचे, "रविवारी तरी माणसाला उघड दगा देऊ द्या."

खेळाचं नाव सात चंद्र. तो 'परग्रह मंडळा'ने स्वतःच रचलेला. मंडळ म्हणजे विज्ञानकथांचं वेड लागलेली मोजकी माणसं. दातांचे एक डॉक्टर, ट्राम चालवणारे ड्रायव्हरकाका, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई, आणि ही. एकमेकांची मासिकं वाचून फाटेपर्यंत फिरवायची, प्रकाशापेक्षा वेगाने जाता येईल की नाही यावर चहा गार होईपर्यंत भांडायचं, आणि वर्षातून एकदा परग्रहावरच्या माणसांचे पोशाख करून फोटो काढायचे. काकांचा पोशाख त्यांच्या बायकोने पडद्याच्या रुपेरी कापडाचा शिवलेला होता. तो घालून ते एकदा घाईघाईत ट्रामवर गेले आणि कुणी वर मानही केली नाही, हे दुःख ते दरवर्षी सांगायचे.

बंद पडलेल्या नाचाच्या शाळेचा हॉल त्यांना रविवारी दुपारी मिळायचा. तिन्ही भिंतींना आरसे. मधोमध टेबल, टेबलावर एक मोठा निळा ग्रह, त्याला जमीन अशी नाहीच, आणि भोवती सात चंद्र. जहाजं डॉक्टरांनी दातांचे साचे काढायच्या प्लॅस्टरची घडवली होती. दर खेळीला चंद्र आपापल्या वाटेवरून पुढे सरकायचे. आज शेजारी असलेला चंद्र थोड्याच खेळ्यांत दूर जायचा, त्यामुळे इथे मैत्री टिकवणं जड आणि वैर टिकवणं त्याहून जड. उन्हं कलली की आरशांतून टेबलामागे टेबल, टेबलामागे टेबल दिसायला लागायची, आणि सगळ्यात आतल्या टेबलावरचा ग्रह वाटाण्याएवढा, धुक्यात बुडालेला. तिकडे बघता बघता तिला वाटायचं, तिथेही कुणीतरी बसलंय आणि आपली खेळी कधी होते याची वाट बघतंय.

त्या वर्षी नदीच्या मुखाशी वाळूचा एक दांडा वर आला. आला म्हणजे, गाळ साचत साचत एके दिवशी भरतीतही बुडेना. त्यावर दोन-चार पक्षी बसायला लागले. मग इकडच्या होडीने तिथे झेंडा लावला, तिकडच्या होडीने तो काढून आपला लावला, आणि बघता बघता दोन देश एकमेकांना पाण्यात पाहायला लागले. वर्तमानपत्रांतले नकाशे रोज मोठे होत गेले, इतके की वाळूचा दांडा पानभर आणि दोन्ही देश कोपऱ्यात. मग पूल बंद झाला. पाठोपाठ फोन बंद झाले. वेधशाळेला हुकूम आला, फुगे सोडू नका, पलीकडच्यांना भलतंच काही वाटायचं.

ताईशी शेवटचं बोलणं अर्धवटच राहिलं. "आईला सांग, माझी काळजी..." इथवर ऐकू आलं आणि पुढे नुसती खरखर. करू नकोस की करत राहा, हे आईला सांगताना तिला ठरवावं लागलं.

"करू नकोस म्हणाली," ती आईला म्हणाली.

"ती तसं कधीच म्हणणार नाही," आई म्हणाली आणि पोळपाट धुवायला लागली.

रविवारी भावजींची खुर्ची रिकामी होती. डॉक्टरांनी चष्मा पुसत टेबलाकडे पाहिलं. "नियम काय सांगतो? गैरहजर माणसाचं राज्य बेवारस. तीन चंद्र आहेत त्यांचे, वाटून घेऊ."

"नको," ती म्हणाली. "मी खेळते त्यांच्या वतीने."

"तू?" बाई हसल्या. "दर रविवारी त्यांच्या नावाने बोटं मोडतेस ना?"

"म्हणूनच. त्यांना माझ्याइतकं कोण ओळखतं?"

आणि ती उठून भावजींच्या खुर्चीत जाऊन बसली. तिची स्वतःची फौज तिने ड्रायव्हरकाकांकडे सोपवली. खुर्ची बदलली आणि सगळं आकाशच फिरलं. एवढी वर्षं तिने हा ग्रह दुसऱ्या बाजूने पाहिला होता. इथून बघितलं तर भावजींचा पाण्याचा चंद्र एकटाच, उघडा, आणि तिचे दोन चंद्र त्याच्या डोक्यावर टांगल्यासारखे. ती समोरच्या आरशात बघत राहिली. भावजींच्या जागी बसलेली एक बाई तिच्याकडे बघत होती. ज्याला ती इतकी वर्षं दगा म्हणत होती, त्यातला निम्मा तरी या माणसाने भीतीपोटी केला असणार. त्या दिवशी तिने भावजींच्या वतीने हल्ला केला नाही, पण करावासा फार वाटला.

पुढचे रविवार असेच गेले. शहरातल्या खिडक्यांना एकेक करून कागदाच्या पट्ट्या चिकटल्या. लोक सामान बांधायला लागले. आणि संध्याकाळी रेडिओवर पलीकडच्या सरकारचा खलिता वाचून दाखवायचे. ती स्टोव्हची वात बारीक करून ऐकायची. कुठला खलिता भावजींचा, हे तिला चवीवरून कळेल असं वाटायचं.

एका संध्याकाळी निवेदक वाचत होता, "आमच्या आदरणीय शेजाऱ्यांनी उतावीळ होऊ नये. शांतपणे, समोरासमोर बसून बोलण्यास आम्ही नेहमीच उत्सुक आहोत..." ऐकून सगळी गल्ली खूश झाली. शेजारच्या काकूंनी तर बांधलेली वळकटी सोडली. ती मात्र भिंतीला टेकून उभी राहिली. गोड बोलतायत. म्हणजे जहाजं निघाली.

तो आठवडा तिने कसा काढला ते तिलाच ठाऊक. वेधशाळेत काम नव्हतं. रिकाम्या गच्चीवर उभी राहून ती नदीकडे बघायची. पलीकडचा काठ धुक्यात तरंगत असायचा, मधूनच एखादी इमारत वर यायची आणि पुन्हा विरघळायची. त्यात ताईचं घर कुठलं हे तिला पूर्वी बोट लावून दाखवता यायचं. आता सगळा काठच कुणीतरी कथेत लिहिलेला वाटत होता, अजून छापून न आलेल्या.

मग दुसरा खलिता आला. तो असा की वाचता वाचता निवेदक अडखळला. "वाळूच्या ढिगावरून एवढा कांगावा करणाऱ्यांची आम्हाला कीव येते. डोकी थंड पाण्यात बुडवा, मग बोला." काकूंनी वळकटी पुन्हा आवळली. आणि ही, स्वयंपाकघरात, तोंडावर पदर दाबून हसत होती.

"वेड लागलं का तुला?" आई म्हणाली.

"आई, तह होणार. भावजी खेकसलेत."

तेवढ्यात ड्रायव्हरकाका दारात आले. अंगात ट्रामचा कोट, खाली घरातल्या चपला. त्यांची लेक, जावई आणि नातवंडं सकाळच्या गाडीने निघणार होती. गाड्यांना गर्दी इतकी की माणसं छपरावर बसत होती, आणि धाकटं नातवंड तापाने फणफणलेलं. "मंडळात तूच एक त्या माणसाला ओळखतेस," काका म्हणाले. "खरं सांग. राहू देऊ की पाठवू?"

खेळात चूक झाली तर प्लॅस्टरचं जहाज उचलून डब्यात टाकायचं. इथे डबा नव्हता. तिने खिडकीकडे पाहिलं, मग काकांच्या चपलांकडे. "राहू द्या," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

काकांनी लेकीला थांबवलं. त्यानंतर जे दिवस गेले, त्यांत तिला डोळे मिटले की सात चंद्र दिसायचे, आणि प्रत्येकावर कुणीतरी सामान बांधून उभं.

पण तह झाला. वाळूचा दांडा कुणाचाच नाही, असं दोन्ही बाजूंनी कबूल केलं. पक्ष्यांना कुणी विचारलं नाही. ड्रायव्हरकाका तिच्या पाया पडायला निघाले, तेव्हा बाईंनी त्यांना कोट धरून मागे ओढलं.

पूल पायी येणाऱ्यांसाठी उघडला त्या रविवारी भावजी आले, आणि त्यांच्या मागून, कधी नव्हे ती, ताई. ताई आधी घरी जाऊन आईच्या गळ्यात पडून रडून आली होती; नाक अजून लाल होतं. आईही सोबत आली आणि हॉलमध्ये शिरताच आरशांत एवढ्या सगळ्या मुली-जावई बघून दारातच थबकली.

"मानलं तुम्हाला," धाकटी भावजींना म्हणाली. "काय खलिता लिहिलात! डोकी थंड पाण्यात बुडवा म्हणे. मी तेव्हाच ओळखलं."

भावजी तिच्याकडे बघत राहिले. "कुठला खलिता?"

"तोच हो. आणि त्याच्या आधीचा, तो गोडगोड."

"अगं, मी कुठे होतो तिथे? पूल बंद झाला त्याच आठवड्यात मला घरी बसवलं. बायको शत्रूच्या देशातली, म्हणाले. माझ्या जागी कुणीतरी नवीन माणूस आणला. माझे जुने मसुदे संपल्यावर त्याला सभ्य भाषा येईना म्हणून सगळं खातं वैतागलं होतं."

ती मटकन खुर्चीत बसली. तिच्या डोळ्यांपुढे काकांचं तापलेलं नातवंड उभं राहिलं. म्हणजे तिने त्या सगळ्यांना एका अनोळखी माणसाच्या उद्धटपणाच्या भरवशावर थांबवलं होतं! "काका," ती कशीबशी म्हणाली, "मला काहीच माहीत नव्हतं."

ड्रायव्हरकाकांनी बराच वेळ जहाजांची रांग सरळ केली. मग म्हणाले, "बोलाफुलाला गाठ पडली म्हणायची. पण पोरगं आज सकाळी गच्चीवर पतंगासाठी रडत होतं. गाडीच्या छपरावर असतं तर कशासाठी रडलं असतं, कुणास ठाऊक. पुढच्या वेळी मात्र मला 'माहीत नाही' म्हण. चालेल मला."

"म्हणेन," ती म्हणाली.

भावजी आपल्या खुर्चीशी उभे राहून टेबल न्याहाळत होते. त्यांचे तिन्ही चंद्र शाबूत होते. पाण्याच्या चंद्राभोवती तर जहाजांचं कडं. त्यांनी मान वर केली. "हे कुणी सांभाळलं?"

"मी."

"का?"

"इथून बघितलं तर फार उघडं वाटतं ते," ती म्हणाली.

भावजी गोडही बोलले नाहीत आणि खेकसलेही नाहीत. त्यांनी नुसता खुर्चीच्या पाठीवर हात फिरवला.

"आता आमचं ऐका," ताई मध्येच म्हणाली. "घरी बसून बसून यांनी माझं डोकं खाल्लं. पलंगावर चादर पसरून, शर्टाची बटणं मांडून हाच खेळ. आणि तुझ्या वतीने कोण खेळणार? मी! सारखे म्हणायचे, धाकटी असं नाही करणार, धाकटी तसं नाही करणार. मग मी म्हटलं, माझी बहीण आहे, मला शिकवू नका."

"जिंकलं कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

भावजी खिडकीबाहेर बघायला लागले.

ताईने पदर खोचला आणि डॉक्टरांना खुणेने जागा मागितली. डॉक्टर निमूटपणे उठले. आईसाठी एक खुर्ची ओढली गेली. ती बसली आणि चंद्रांकडे बघता बघता तिथेच पेंगायला लागली. उन्हं आरशांतून आत आत जात होती. ताईने आधी बहिणीशी तह केला, मग त्याच तोंडाने नवऱ्याशी. दोघांनाही हसून म्हणाली, काळजी करू नका. दिवे लावायच्या आत तिने एकीचा लोखंडाचा चंद्र घेतला आणि दुसऱ्याचा पाण्याचा.

"कानामागून आली आणि तिखट झाली," भावजी पुटपुटले.

"वेधशाळे, आता गं?" बाईंनी विचारलं.

तिने भावजींकडे पाहिलं, भावजींनी तिच्याकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघांनी टेबलाच्या एकाच बाजूला खुर्च्या ओढल्या, आणि ताईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलायला लागले.